बकरी यायला अठरा मिनिटं

ज्या माणसाची सगळी नोकरी सिनेमाघरात गेली, त्याने पडद्याकडे तोंड करून शेवटचा पिक्चर कधी बघितला, हे त्याला स्वतःलाही सांगता यायचं नाही. काका हॉलमध्ये शिरायचे, पडद्याखालच्या उजव्या कोपऱ्यात जायचे आणि पडद्याकडे पाठ करून उभे राहायचे. समोर अडीचशे चेहरे, त्यांच्यावर हलणारा निळा-पिवळा उजेड, आणि हे हाताची घडी घालून बघताहेत. एकदा एका बाईंनी तक्रार केली, की तुमचा एक माणूस सारखा आमच्याकडे टक लावून असतो. काका त्यांना गुजरातीत म्हणाले, "बेन, तुम्ही पडदा बघायचं तिकीट काढलंत. मला पगार तुम्हाला बघायचा मिळतो."

मी तेव्हा बडोद्यात गोत्रीच्या बाजूच्या एका मल्टिप्लेक्सला ड्यूटी मॅनेजर होते. काका माझे वरिष्ठ. कोणाचेच सख्खे काका नव्हते, पण शेठपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणायचे. गावातलं एक जुनं टॉकीज बंद पडलं, तेव्हा आमच्या शेठनी तिथून दोन वस्तू आणल्या होत्या, एक भिंतीवरचं मोठं घड्याळ आणि दुसरे काका. घड्याळ वर्षभरात बंद पडलं.

माझी मुलगी आज त्यांचं नाव निघालं की तोंड फिरवते. तिची चूक नाही. चूक कोणाची, ते सांगायलाच बसले आहे, पण थेट तिथे जायचा मला धीर होत नाही. म्हणून आधी काकांबद्दल सांगते.

पिक्चर चालणार की पडणार, हा काकांचा अंदाज पक्का होता. शुक्रवारच्या पहिल्या शोला चाळीस मिनिटं चेहरे बघायचे, बाहेर येऊन रबरी चपला झटकायचे आणि निकाल सांगायचे. "सोमवारी उतरवा." किंवा "दुसरा आठवडा धरून चाला." विचारलं तर म्हणायचे, "माणूस रमला की आपले हात कुठे आहेत ते त्याला कळत नाही. बायका ओढण्या सारख्या करायला लागल्या, पुरुष घड्याळं चाचपायला लागले, की पिक्चर गेला." मोठमोठ्या हिरोंचे पिक्चर त्यांनी ओढण्यांवरून पाडले होते, आणि ते खरोखरच पडले होते. शेठ शो लावायचे ते काकांना विचारून.

दुसरी सवय दारांची. प्रत्येक शोच्या आधी बाहेर पडायची सगळी दारं ते स्वतः ढकलून बघायचे. दार उघडलं की त्याला "जय श्रीकृष्ण" म्हणायचे आणि पुढच्या दाराकडे जायचे. आम्ही चिडवायचो, की काका, दार कधी उलट "जय श्रीकृष्ण" म्हणतं का हो? ते हसायचे नाहीत. बाकी कशावरही हसतील, खाण्यावरून तर किती थट्टा करावी, पण दारांवरून नाही.

का ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. शेव-उसळ खायला गेलो होतो, गुरुवार होता, दर गुरुवारी ते शेव-उसळच खायचे. त्यांच्या जुन्या टॉकीजमध्ये, काका नोकरीत अगदी नवीन असताना, खालच्या वर्गात कोणीतरी "साप!" म्हणून ओरडलं. साप नव्हताच. पण लोक उठले ते दाराकडे, आणि दार आत उघडणारं. मागचे ढकलताहेत, पुढच्यांना ते ओढायला जागा नाही. "नंतर मी उंबऱ्यावरच्या बांगड्यांच्या काचा गोळा केल्या," काका म्हणाले, "सुपलीभर."

मी विचारलं, किती माणसं? त्यांनी पाव मोडला आणि म्हणाले, "ते विचारू नकोस." पुढे कितीतरी दिवस मला बांगडी घालायची भीती वाटत होती.

मग तो खेळाचा पिक्चर आला. मोबाइलवर, टीव्हीवर पोरं खेळतात त्या एका खेळावरून काढलेला. काकांनी पोस्टर बघितलं आणि नाक मुरडलं. "खेळ तो खेळायचा. जो आपण खेळायचा, तो दुसरा खेळताना पैसे देऊन कोण बघणार? मंगळवारी उतरवा." शेठनी मान डोलावली आणि त्याला सगळ्यात लहान स्क्रीन दिला.

शुक्रवारी तो भरला. शनिवारी लोक तिकीटबारीवरून परत गेले. रविवारी शेठनी एका बड्या हिरोचा हिंदी पिक्चर एक नंबरच्या स्क्रीनवरून उचलला आणि तिथे हा लावला, तोही भरला. नंदेसरीच्या कंपन्यांतले बाप सुट्टी टाकून पोरांना घेऊन येत होते, सावली गावाहून जीप भरून मुलं येत होती. आईबापांना ओ की ठो कळायचं नाही, आणि पोरं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बघायची. शेठ खुशीत आले की त्यांना थट्टा सुचते. म्हणाले, "काका, तमारुं मीटर बंद थई गयुं!"

आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला लागलं असणार. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, मी चुकलो त्याचं काही नाही. हे काहीतरी वेगळं आहे. मला यांचे चेहरे वाचता येत नाहीत."

त्याचं कारण होतं बकरी.

त्या खेळात म्हणे एका शिंगाची एक बकरी असते. महिनोन्‌महिने खेळलं तर एखाद्याला दिसते. पिक्चरमध्ये ती यायची बरोबर एक तास आठ मिनिटांनी, आणि पाठोपाठ मध्यंतर. बकरी काही करायची नाही. नुसती टेकडीवर येऊन उभी राहायची. पण ती आली की अख्खा हॉल उठायचा. किंकाळ्या, पॉपकॉर्न हवेत, पोरं पायऱ्यांवरून खाली धावताहेत, एकमेकांच्या गळ्यात पडताहेत. आधी आम्ही घाबरलो, मग सवय झाली. बाहेर काउंटरवर आवाज आला की मुली म्हणायच्या, "आवी बकरी!" आणि मध्यंतराचे सामोसे गरम करायला टाकायच्या.

काकांना मात्र सवय झाली नाही. "आनंदाचा आवाज एकत्र वर चढतो आणि टाळ्यांत मोडतो," ते मला समजावायचे. "भ्यालेल्या माणसांचा आवाज सुटा सुटा असतो. इतकी वर्षं मला डोळे मिटून फरक कळायचा. ही पोरं बकरीला किंचाळतात ते अगदी खरं किंचाळतात गं. जीव चालल्यासारखं. उद्या खरंच काही झालं तर आपण काय करणार? सामोसे गरम करणार!"

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले? माझ्या सुट्टीच्या दिवशी बडोद्याच्या ओल्या, लीलो चिवड्याचा पुडा घेऊन आमच्या घरी हजर. "तुझ्या मुलीला सांग, मला तो खेळ शिकव." ती तेव्हा तेरा वर्षांची. सोफ्यावर दोघं मांडीला मांडी लावून बसली. काकांचा माणूस दर अर्ध्या मिनिटाला दरीत पडायचा.

"आता?"

"आता काही नाही काका. परत पहिल्यापासून."

"म्हणजे मेला तरी चालतं?"

"चालतं म्हणजे काय, पडलो की पोटात गोळा येतोच की! भीती वाटली नाही तर मजा काय?"

काकांनी मोबाइल तिच्या हातात दिला. म्हणाले, "हां. मग ठीक आहे." आणि मला जाताना दारात म्हणाले, "हुशार आहे तुझी पोर. तिला जप." ती त्यांना पाया पडून नमस्कार करायची तेव्हा. पुढचे चार दिवस शाळेत सांगत सुटली होती, की आमचे काका बकरी शोधताहेत.

त्या दिवसापासून काका खिशात छोटी वही ठेवायला लागले. तीत आवाजांच्या वेळा. शो कधी सुरू झाला, कुठे हशा, कुठे आरडाओरडा, बकरी किती वाजता. "आवाज कळत नसेल तर वेळ तरी कळली पाहिजे," म्हणायचे. आम्ही मागे हसायचो. मी सगळ्यात जास्त.

आता साखळीचं सांगते.

एक नंबरच्या स्क्रीनला दोन दारं. आत यायचं दार मागे, वरच्या रांगांकडे. बाहेर पडायचं खाली पडद्याशेजारी, ते इमारतीच्या मागच्या लोखंडी जिन्यावर उघडायचं. पिक्चर इतका चालला की पोरांनी युक्ती काढली. एकाने तिकीट काढून आत जायचं, अंधार झाला की खालचं दार आतून ढकलायचं, आणि जिन्यावर दबा धरून बसलेले चार-पाच आत घ्यायचे. पायऱ्यांवर पोरं बसायला लागली. एका कुटुंबाच्या खुर्च्यांवर भलतेच बसलेले निघाले, मारामारी व्हायची वेळ आली. शेठ माझ्यावर भडकले, "तमे करो छो शुं?" करता काय तुम्ही, म्हणून.

मी अक्कल चालवली. शो सुरू झाला, काकांचं दार ढकलून झालं, की मी मागच्या जिन्याने वर जायची आणि माझ्या स्कूटरची साखळी दाराच्या बाहेरच्या कडीतून कठड्याला गुंडाळून कुलूप घालायची. बकरीचा आवाज आला की काढायची. मध्यंतराला दार मोकळं. काकांना कळलंच नाही. आठ दिवस फुकटे बंद झाले, शेठनी शाबासकी दिली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

तिसरा शनिवार होता. बाराचा शो. मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस, नऊ मुली, पास मीच दिले होते. वरून चौथी रांग. मी त्यांना आत सोडलं, जिन्याने गेले, साखळी लावली, किल्ली पर्समध्ये टाकली, पर्स काउंटरखाली ठेवली.

काउंटरवर कॉफीचं मशीन बिघडलं होतं, मी त्यात डोकं घालून बसले होते. आतून आवाज आला. किंकाळ्या, धावपळ. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आवी बकरी!" मी म्हटलं, चला, साखळी काढायला पाहिजे, एवढं मशीन झालं की जाते.

काका दोन नंबरच्या स्क्रीनमधून येत होते. ते जागच्या जागी थांबले. मनगट उलटं करून घड्याळ बघितलं.

"शो बाराला सुरू झाला ना?"

"हो, वेळेवर."

"मग बकरी यायला अजून अठरा मिनिटं आहेत."

मी मशीन तसंच सोडून उठले.

काका धावले. त्या वयाचा माणूस असा धावलेला मी पुन्हा बघितला नाही. वरचं दार उघडलं तर आतून पांढरा-गुलाबी धूर. कोणीतरी बकरीच्या तयारीसाठी रंगीत धुराची कांडी आणली होती, ती हातातच पेटली, खुर्चीवर पडली आणि खुर्चीचा फोम धुमसायला लागला. धूर वरच्या रांगांत, म्हणून सगळी पोरं खाली धावली होती. काका मागे वळून ओरडले, "मी यांना खालच्या दाराने काढतो, तू जिन्यापाशी जा!"

मी म्हटलं, "काका, दाराला साखळी आहे."

ते म्हणाले, "धाव," आणि धुरात शिरले.

पर्स, किल्ली, मधला जिना, इमारतीला वळसा, मागचा लोखंडी जिना. दुपारचं ऊन. किती वेळ लागला देव जाणे. वर पोचले तर दार हलत होतं. साखळी ताणून ते चार बोटं उघडलं होतं, आणि त्या फटीतून बोटं बाहेर आलेली. लहान-मोठी, खूप बोटं. त्यात एका हाताला हिरवं नेलपॉलिश. सकाळी मी ओरडले होते तिला, वाढदिवसाला हा कसला रंग म्हणून.

मी कुलपाला किल्ली लावली. फिरेना. आतून सगळ्यांचा रेटा, साखळी इतकी ताणलेली की कुलूप पिळून अडकलेलं. साखळी सैल करायची तर दार आत ढकलायला हवं. त्या बोटांवर. मी खांदा लावला, दार तसूभर सरकेना. आतून "आई" ऐकू आलं. तिचं होतं की दुसऱ्या कोणाचं, मला आजही सांगता येत नाही. मला वाटलं, संपलं. आता सुपली आणायची.

आणि आतून काकांचा आवाज आला. त्या धुरात, कुठल्यातरी खुर्चीवर उभे राहून, छाती फुटेल इतक्या जोरात, "बकरी! बकरी आवी! पाछळ जुओ, बकरी!"

आतला रेटा क्षणभर ढिला झाला. त्या पोरांनी मरणाच्या दारात मान वळवून बघितलं असणार. मी डोळे मिटले आणि सगळा जीव लावून दार आत ढकललं. काहीतरी मोडल्याचं मला खांद्यात जाणवलं. साखळी सैल पडली, किल्ली फिरली, आणि दार उघडून पोरं माझ्या अंगावर कोसळली.

देवदयेने कोणी गेलं नाही. आठ-दहा जण चेंगरले, काहींना धुराने दवाखान्यात न्यावं लागलं. मधल्या रांगेतली पाच-सहा मुलं तर अजून बसूनच होती, धूर त्यांना पिक्चरचाच वाटला होता. काकांनी त्यांना दंडाला धरून ओढत आणलं. माझ्या मुलीच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. एक सरळ जुळलं, एक नाही.

संध्याकाळी ऑफिसात काकांनी माझ्यापुढे हात केला. "साखळी." मी पर्समधून काढून दिली. ती त्यांनी शेठच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दाराला ही मी लावली होती. माझी चूक. लिहून देतो." मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. खरं सांगायचं तर मी तो काढलाच नाही.

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. मला वाटलं, ते आता पाठीवर हात ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. "तुझ्यावर उपकार नाही केला मी," म्हणाले. "तू गेलीस तर तुझ्या जागी दुसरी कोणी येईल, आणि तिला दाराची भीती शिकायला असाच एक दिवस लागेल. तू आता आयुष्यात दार बंद करणार नाहीस. म्हणून तू राहा." त्यांचा चेहरा इतका कठोर मी कधी बघितला नव्हता. मग ते स्टँडवर जाऊन रिक्षात बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीचा निरोपसमारंभ एवढाच.

एक नंबरचा स्क्रीन तीन दिवस बंद ठेवला, नंतर पिक्चर पुन्हा लागला. आणि खरं वाटणार नाही, गर्दी वाढली. पाचव्या आठवड्यात शेठनी केक कापला, आता खेळांवरचे आणखी तीन पिक्चर येताहेत म्हणाले. आज, चार वर्षांनी, मी काकांच्या जागेवर आहे. दारं मीच ढकलते. कुठल्याही शोला किंकाळी उठली की मी वहीत टिपलेली वेळ बघते, वेळ जुळली की श्वास घेते. काउंटरवरच्या नव्या मुली मागे हसतात, मला माहीत आहे.

मुलीने दवाखान्यातच विचारलं होतं, दार कोणी लावलं? मी म्हटलं, काकांनी. एवढंच. त्यानंतर तिने तो खेळ मोबाइलवरून काढून टाकला. गेल्या महिन्यात खंडेराव मार्केटमध्ये काका भेटले, हातात मेथीची जुडी, पाठ वाकलेली. "केम छे बेटा, बोट कसं आहे?" तिने तोंड फिरवलं आणि पुढे चालायला लागली. मी बोलायला गेले. काकांनी हळूच मान हलवली, नको म्हणून. तिच्या पाठीकडे बघत उभे राहिले आणि मग भाजीवाल्याशी भावावरून हुज्जत घालायला लागले, उगाच, डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून.

त्या रात्रीपासून हे लिहितेय. दार मी लावलं होतं. तिची बोटं मोडली तेव्हा बाहेरून दार ढकलणारीही मीच होते, आणि ते तर काकांनाही माहीत नाही. ती आत बारावीचा अभ्यास करत बसली आहे. वाकडं बोट पेनापासून जरा उचलून धरून लिहिते. मला खूप भीती वाटतेय. तरी हाक मारते.